औंदा टाकलीय

गुंजाळ भाऊसाहेब माझ्या दुकानात दुसऱ्यांदा आले ते भांडायला. पहिल्या खेपेला ते अकरा वह्या ठेवून गेले होते. त्यांतल्या पहिल्या वहीची चाळीस पानं मी टाइप करून ठेवली होती. ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि काउंटरवर आपटली.

“मी ‘नाय’ लिहिलंय, तू ‘नाही’ केलंस. ‘आमी’चं ‘आम्ही’ केलंस. कुणी सांगितलं होतं तुला?”

“शुद्ध केलं,” मी म्हटलं.

“तू हेदवाडीची ना गं? मेंगाळांची? मग आजीच्या तोंडचा शब्द अशुद्ध कसा झाला?”

माझं डोकंच फिरलं. याच ‘नाय’पायी शहापूरच्या शाळेत मी दोन वर्षं हसं करून घेतलं होतं. आश्रमशाळेतून आलेली पोर म्हणून बाई मला उभं करून धडा वाचायला लावायच्या आणि वर्ग खुदखुदायचा. ती बोली मी जिभेवरून खरवडून काढली, तेव्हा कुठे तहसिलीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान उभं राहिलं आणि लोक मला मॅडम म्हणायला लागले. आता लहानपणापासून आमच्या अंगणात पाहिलेला हा घाटावरचा म्हातारा मला माझीच बोली शिकवणार. मी त्यांना सरळ सांगितलं, दुसरं दुकान बघा. ते हलले नाहीत. खुर्ची ओढून बसले, दोन चहा सांगितले आणि म्हणाले, “ही चाळीस पानं परत कर. जसं लिहिलंय तसं. काना नाही, मात्रा नाही, काही हलवायचं नाही.”

जसंच्या तसं. हे त्यांचं पालुपद पुढचे सात महिने मी ऐकलं. माणूस म्हणून त्यांच्यावर मी चिडलेही आणि मला त्यांची मायाही लागली. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक लपवून त्यांची गोष्ट सांगता येणार नाही.

एकनाथ गुंजाळ मूळचे संगमनेरकडचे. तीन भावांत जमीन पुरेना म्हणून त्यांनी नोकरी धरली. १९८४ साली तलाठी होऊन शहापूर तालुक्यात आले, आणि सजा, म्हणजे तलाठ्याच्या कारभारातला मुलूख, मिळाला तो उंबरमाळीच्या वरच्या डोंगरातला. सात गावं, एकोणीस वाड्या आणि पाडे, त्यांतले बरेचसे आम्हा ठाकरांचे. रस्ता एकच, तोही दिवाळीपासून मृगापर्यंत धड. पहिलं वर्ष आपण बदलीचे अर्ज लिहिण्यात घालवलं, असं ते सांगायचे. त्यांना सगळ्यात झोंबायचं ते लोकांचं ‘तू’. आमच्याकडे देवाला तू आणि मामलेदारालाही तू. अहो-जाहो आम्हाला शाळेत शिकवतात. घाटावरून आलेल्या माणसाला हे कसं कळावं? एक म्हातारा “तू बस, मी पानी आणतू” म्हणाला म्हणून त्यांनी त्याला चावडीतून बाहेर काढलं होतं. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि सांगून झाला की बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

वह्या सुरू झाल्या त्या एका चुकीतून. पीकपाहणीला गेले असताना त्यांनी बांधावरच्या बाईला विचारलं, शेत कोणाचं? आता बाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती म्हणाली, “सोमाचा बा.” सोमा तिचा पोरगा, त्याचा बाप. भाऊसाहेबांनी कागदावर लिहिलं, ‘सोमा चाबा’. पुढल्या वर्षी त्या माणसाला सोसायटीत बियाणं मिळेना, कारण चाबा आडनावाचा माणूस अख्ख्या वाडीत नव्हता. दुरुस्ती करायला भाऊसाहेब स्वतः डोंगर चढून आले तेव्हा सगळी वाडी पोट धरून हसली. त्या घराला अजूनही चाबाचं घर म्हणतात. तिथली सून माझ्याकडे अर्ज भरायला आली की आडनाव विचारल्यावर आधी तेच सांगते.

हसणाऱ्यांत माझा आजा होता, देवजी मेंगाळ. त्याने भाऊसाहेबांना घरी नेलं, नागलीची भाकर आणि खेकड्यांचं कालवण वाढलं आणि म्हणाला, “तू लिवतूस भरभर. आधी आयकत जा.”

त्या दिवसापासून ते ऐकायला लागले. आधी झाडांची नावं, मग जमिनीची, मग नात्यांची. पुढे त्यांची बदली मुरबाड तालुक्यात झाली तरी रविवारी एसटी पकडून ते आमच्या वाडीवर हजर. आजा शेतात पालापाचोळा जाळून राब भाजत असला तर हे शेजारी उभे, आजा इरलं विणत असला तर हे समोर उकिडवे. “याला काय म्हणतोस? आणि मोडलं तर काय म्हणतोस? आणि नवं असलं तर?” आजी, म्हणजे धोंडीबाई, वैतागायची. म्हणायची, यानं आमचं तोंड मोजायला घेतलंय. घरी त्यांच्या बायको, प्रेमाकाकू, त्या वह्यांना सवत म्हणायच्या. निवृत्तीनंतर ते शहापूरलाच राहिले, संगमनेरला गेलेच नाहीत. साडेचार हजार शब्द झाले होते. मुरबाडच्या एका छापखान्याने कोश छापायचं कबूल केलं होतं आणि त्यासाठी वह्या माझ्याकडे आल्या होत्या.

ते म्हणायचे, मी बोली वाचवतोय. मला ते आवडायचं नाही. वाचवायला ती काय विहिरीत पडली होती? माझी आजी तीच बोलते, माझा बाप तीच बोलतो आणि त्यांना कुणी वाचवायला येत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी ‘वाचवणे’ या शब्दाला आमच्याकडे काय म्हणतात ते विचारलं. काय करणार अशा माणसाचं?

आमचा खरा वाद माझ्या धंद्यावरून व्हायचा. माझं पोट भाषांतरावर चालतं. म्हातारा येतो आणि म्हणतो, “पोरगा वायला झाला.” मी लिहिते, ‘माझा मुलगा विभक्त राहत असून’. बाई म्हणते, “त्यानं मला हाकाटली.” मी लिहिते, ‘मला घराबाहेर काढण्यात आले’. भाऊसाहेब शेजारी बसून हे बघायचे आणि हळहळायचे.

“शब्द मारतेस तू.”

“शब्द जगवू की माणसाचं काम करू?”

“दोन्ही व्हायला हवं.”

“टेबलापलीकडच्या साहेबाला वायला कळत नाही, भाऊसाहेब. त्याला कळेल ते लिहिलं नाही तर अर्ज परत येतो.”

यावर ते दर वेळी चष्मा पुसायला घ्यायचे. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

आता आमच्या जमिनीचं. वाडीच्या वर मोहाचा टेप म्हणून डोंगराची एक उतरण आहे, साडेतीन एकरांची. आज्याच्या आज्यापासून आम्ही ती कसतो. डोंगरउताराची जमीन भाताच्या खाचरासारखी दरसाल पिकवता येत नाही. एक वर्ष नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी, आणि मग तीनचार वर्षं जमीन तशीच सोडायची. झुडपं वाढतात, पाला कुजतो, जमिनीत दम येतो. याला आमच्यात म्हणतात, जमीन टाकली. टाकलेली जमीन तुमचीच असते. तिच्यावर दुसरा कुणी पाय ठेवत नाही. पेरलेल्या जमिनीपेक्षा तिची राखण जास्त.

वनहक्काचा कायदा आला तेव्हा आज्याने या टेपाचा दावा केला. २००९ च्या फेब्रुवारीत पडताळणीला माणसं आली. वनखात्याचा एक गार्ड, वाडीची समिती, आणि तलाठी म्हणून बदलीने आमच्या सजात परत आलेले गुंजाळ भाऊसाहेब. आज्याला केवढा आनंद झाला होता. आपला माणूस आला. पंचनामा झाला, अंगठे झाले. दोन वर्षांनी दावा नामंजूर झाल्याचा कागद आला. माझ्या बापाने तो वाचून दाखवला: दावेदाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार जमीन टाकलेली असल्याने वहिवाट सिद्ध होत नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, पण आज्याचा चेहरा मला आठवतो. तो म्हणाला, “भावसाहेब होता ना तिथं. त्यानं बरोबर लिवलं असंल. मंग मीच काय तरी वाकडं बोललू.” बापाने खूप समजावलं. आज्याने ऐकलं नाही. त्यानंतर तो कुठल्याही साहेबासमोर बोलायचा बंद झाला. रेशनच्या दुकानात, पंचायतीत, बँकेत, आजीला पुढे करायचा आणि आपण मागे उभा राहायचा. मोहाचा टेप आम्ही पिकवत राहिलो, पण चोरासारखे. गार्ड बदलला की नवी विनवणी. २०१७ साली आजा वारला. दहाव्याला भाऊसाहेब आले, नदीवर दिवसभर बसून राहिले आणि मोठ्याने रडले. साहेब असावा तर असा, असं वाडी म्हणाली. मीही म्हणाले.

गेल्या वर्षी नामंजूर दाव्यांची फेरसुनावणी निघाली. आजीच्या नावाने अर्ज मीच केला. बरोबर जोडायला जुन्या पंचनाम्याची नक्कल काढली, ती आमच्या घरात कुणीच पाहिली नव्हती. त्यात एकच ओळ आमच्याबद्दल होती. ‘दावेदार सांगतो, “औंदा टाकलीय.”’ बस, एवढंच. अवतरणचिन्हांसकट. आणि ते तिरपं, ‘य’ची शेपटी ओढलेलं अक्षर मी सात महिने रोज टाइप करत होते.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. म्हटलं, हे ‘सोमा चाबा’च झालं. बिचाऱ्याला शब्द कळला नाही, आणि वरच्या साहेबांनी टाकली म्हणजे टाकून दिली असं धरलं. मी ठरवलं, त्यांना हळूच विचारायचं आणि दोन ओळी लिहून घ्यायच्या की त्या वेळी मला स्थानिक अर्थ माहीत नव्हता. सुनावणीत आमच्या गळ्याला लागलेला फास तेवढ्याने सुटत होता. बाकी सगळे पुरावे होते. आडवी येत होती ती आज्याच्याच तोंडची ओळ.

सगळ्या वह्यांत सातवी तेवढी टाइप करायची राहिली होती; त्याच आठवड्यात मी तिला हात घातला. ट. टकुरं, टाकं, टाकणे.

‘टाकणे: (डोंगरजमीन) काही वर्षं विश्रांतीसाठी राखून ठेवणे. मालकी व राखण कायम. टीप: प्रमाण मराठीतील ‘टाकून देणे’ याच्या नेमका उलट अर्थ. उदा. “औंदा टाकलीय, म्होरल्या साली नागली.” सांगणारा: देवजी मेंगाळ, हेदवाडी. मार्च १९९७.’

मी ते तीनदा वाचलं. १९९७. पंचनाम्याच्या बारा वर्षं आधी.

संध्याकाळी ते पानं न्यायला आले तेव्हा मी वही आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही पाहिलं. चष्मा काढला नाही, पुसला नाही.

“जसंच्या तसं लिहिलं होतं मी,” ते म्हणाले.

“हो. तेच तर.”

दुकानात एक जण झेरॉक्सला आला, त्याच्या चार प्रती काढून दिल्या, तो गेला. मग भाऊसाहेब म्हणाले, “त्या दिवशी बावीस दावे होते. देवजी ते बोलला आणि मला बरं वाटलं, रुपाली. म्हटलं, हा शब्द आज पहिल्यांदा सरकारी कागदावर येतोय. मी तो अवतरणात घातला. पुढे अर्थ लिहायला हवा होता. गार्ड घाई करत होता, पुढच्या शेतावर लोक थांबले होते. मला वाटलं, कळेल.”

“कुणाला कळेल?”

त्यांनी नक्कल उलटी करून ठेवली.

“आणि कागद नामंजूर होऊन आला तेव्हा? तेव्हा तरी कळलं ना तुम्हाला?”

“कळलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. पंचनामा सदोष आहे असं आपणच लिहून द्यायचं म्हणजे चौकशी, पेन्शन अडकणार. मी म्हटलं, देवजी अपील करेल. त्याने केलं नाही.”

आज्याने अपील का केलं नाही ते मला ठाऊक होतं. ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं की गुरुवारी सुनावणी आहे आणि तुम्ही येऊन जबाब द्यायचा. ते म्हणाले, कोशाचं ते पान छापून दे, तो लेखी पुरावा होईल. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार मला सहन झाला नाही. मी म्हटलं, पान शब्दाचा अर्थ सांगेल, पंचनामा लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते सांगणार नाही. ते वही तिथेच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी प्रेमाकाकू आल्या. त्या कधी दुकानात येत नसत. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “त्यांना भरीस घालू नकोस गं. महिन्याभराने प्रकाशन आहे मुरबाडला. मोठे निवृत्त अधिकारी येणार आहेत. पत्रिका वाटून झाल्या. चाळीस वर्षांत त्या माणसाने हे एकच काम मनापासून केलंय. तेवढं होऊ दे, मग काय ते कर.”

“सुनावणी गुरुवारी आहे, काकू. ती माझ्यासाठी थांबणार नाही.”

“शेतीत काय उरलंय आता? तू तर दुकान काढलंस.”

हा प्रश्न मला लागला, कारण तो मी स्वतःला विचारला होता. मी काही टेपावर नागली पेरायला जाणार नाही. माझा भाऊ आटगावला गोदामात कामाला आहे, तोही जाणार नाही. जमीन आजी असेपर्यंतच आहे, हे मलाही कळतं. पण मरेपर्यंत आजीला गार्डासमोर पदर पसरावा लागू नये, आणि आपल्या नवऱ्याने घालवलेली जमीन म्हणून तिने ती कसू नये, एवढं मला हवं होतं. काकूंना मी तेच सांगितलं. त्या उठल्या आणि जाताना म्हणाल्या, “ते कालपासून जेवले नाहीत नीट. वाईट आहेत असं समजू नकोस.” मी तसं समजत नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

गुरुवारी मी आजीला घेऊन गेले. तिने नवं लुगडं नेसलं होतं. सभागृहात चाळीसेक माणसं, आणि टेबलामागे प्रांतसाहेब म्हणून एक तरुण बाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. आमचा नंबर आला तरी भाऊसाहेबांचा पत्ता नव्हता. मी आमची बाजू मांडायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, “मला बोलायचंय.” इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, काखेत सातवी वही.

त्यांनी आपलं नाव, सजा, नेमणुकीचं साल सगळं रीतसर सांगितलं. पंचनामा माझ्या हातचा, शब्द देवजी मेंगाळचा, आणि त्या शब्दाचा अर्थ जमीन सोडली असा नाही, राखली असा आहे. साहेबबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्यांना ते पटलेलं दिसलं. कारकुनाकडे वळून त्या म्हणाल्या, “घ्या लिहून. पडताळणीच्या वेळी सदर तलाठ्यांना शब्दाचा स्थानिक अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे गैरसमज झाला.” आणि भाऊसाहेबांना विचारलं, “बरोबर ना?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. खरंच हलवली. आमचं काम होत होतं, त्यांचं नाव राहत होतं, प्रकाशन सुखाचं होणार होतं. मी रोज दहा अर्ज असेच तर लिहिते, साहेबाला कळेल आणि सगळ्यांना सोयीचं पडेल असे.

भाऊसाहेब म्हणाले, “नाही. माहीत होता. बारा वर्षांपासून माहीत होता.”

कारकून थांबला. साहेबबाई म्हणाल्या, “गुंजाळ, हे नोंदवलं तर त्याचा काय अर्थ होतो, कळतंय ना तुम्हाला?”

“मॅडम, अर्थ सांगायलाच आलोय.”

मग त्यांनी वही उघडून तारीख दाखवली, आणि नामंजुरीचा कागद पाहिल्यावरही आपण गप्प बसलो, तेही लिहून घ्यायला लावलं. मग सही केली आणि खाली तारीख घातली.

पुढचं सांगून टाकते. दावा मंजूर झाला, साडेतीनपैकी अडीच एकर, आजीच्या नावाने. भाऊसाहेबांना खुलाशाची नोटीस आली, तिचं घोंगडं अजून भिजतंय. ते मोठे निवृत्त अधिकारी प्रकाशनाला आले नाहीत. मुरबाडच्या शाळेच्या हॉलमध्ये पंधरा माणसांत प्रकाशन झालं, नारळ काकूंनीच फोडला. पुस्तक चांगलं आहे. टाकणेची नोंद जशीच्या तशी आहे, फक्त टिपेत एक वाक्य वाढलंय: हा शब्द अर्थ न देता लिहिल्याने सांगणाऱ्याची जमीन गेली, लिहिणारा मी. हे सगळं झालं ते ठीकच झालं. पण मला ही गोष्ट सांगायची होती ती सभागृहाबाहेर, जिन्याजवळच्या बाकावर जे घडलं तेवढ्यासाठी.

आजीला आतलं फारसं कळलं नव्हतं. कचेरीतली मराठी तिच्या कानावरून जाते. ती बाकावर बसली आणि मला विचारलं, “काय बोलला गो तो?”

भाऊसाहेब माझ्या मागेच उभे होते. मी माझ्या सवयीने सोपं केलं. “बोलतात की चुकून लिवलं गेलं, आजी. तुझं काम झालं.”

“चुकून नाय, धोंडीबाय,” भाऊसाहेब म्हणाले. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले, आमच्या अंगणात बसायचे तसे. “मला सबद ठाव होता. देवजीनंच शिकवला होता. मी लिवला आन् गप बसलू. देवजी वाकडं नाय बोलला. तो बरोबर बोलला होता.”

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती.

“तू कितींदा आलास रे आमच्या घरी, कागद आल्यावर?”

“लय येळा.”

“भाकर खाल्लीस.”

“हां.”

“दवाखान्यात शेवटी डाक्टर त्याला पुसत होता, बाबा, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं. चारदा पुसला. हा तोंड उघडीना. मी बोलले, सांग रे त्याला. तर मला बोलतो, तू सांग, मी बोललू का उलटंच होतं.” आजीने नाकावरचा घाम पदराने टिपला. “मला काय ठाव, त्याला कुठं दुखत होतं?”

हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या बापालाही नाही. भाऊसाहेबांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ते तसेच बसून राहिले. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जिना चढत होती. आजीने त्यांना उठ म्हटलं नाही, रडू नको म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती माझा हात धरून उभी राहिली आणि आम्ही जिना उतरलो.